बर्फावरचा हातमोजा थंडीसाठी नसतो

"बर्फावर चालला ना? मंग लोकरीचे घे, गरम राहतीन." अमरावती-बडनेऱ्यात काय किंवा आमच्या नांदगाव पेठेत काय, रोलर स्केटिंग करणारं लेकरू पहिल्यांदा बर्फाच्या रिंकवर निघालं की हातमोज्यांची चर्चा या एका वाक्यात सुरू होते आणि त्याच वाक्यात संपते. स्केटसाठी पुण्या-नागपूरला चार फोन होतात. हेल्मेट डोक्यावर चढवून, पट्टा ओढून पाहिलं जातं. हातमोजे मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी, रस्त्याकडेच्या स्वेटरवाल्याकडून, जाकिटाला शोभेल असा रंग पाहून घेतले जातात. कुणी हरकत घेतली तर उत्तर ठरलेलं आहे: "कोन्तेबी चालते नं बाप्पा, हातमोजेच तर हायेत!"

या 'कोन्तेबी चालते'चा मला मनापासून राग आहे. ते वाक्य शिकल्यासवरल्या आईबापांच्या तोंडी असतं, खेळात वर्षं घालवलेल्यांच्या तोंडी असतं, आणि त्याची किंमत मात्र दहा-बारा वर्षांच्या पोरांची बोटं मोजू शकतात. हे म्हणणाऱ्यांचा हिशेब साधा आहे. हातमोजा थंडीची वस्तू, बर्फ थंड, म्हणून जितका जाड आणि ऊबदार तितका चांगला. त्यात आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं, आपल्याला थंडीची भीती जास्तच. हिशेबात एकच गोष्ट धरलेली नाही: त्या रिंकवर प्रत्येकाच्या पायाखाली दोन सुऱ्या बांधलेल्या आहेत.

शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगचं पातं जाडीला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं. त्याला दगडावर घासून दोन्ही कडा काटकोनात आणतात, आणि धार आली की नाही हे पाहायला नखाची कड त्यावर हलकी ओढतात. नखाचा पापुद्रा निघाला की धार आली. अशी पाती पायाला बांधून चार-सहा जण ६० बाय ३० मीटरच्या रिंकवर, १११.१२ मीटरच्या लंबगोलावर, एकमेकांना खेटून फिरतात. तयार खेळाडूंचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जातो. वळणावर शरीर इतकं आत झुकतं की डावा हात बर्फाला टेकवावा लागतो. समोरच्याचं पातं त्या हातापासून किती लांब असतं? कधी वीतभर, कधी तेवढंही नाही. त्या हातात काय घालायचं हा प्रश्न थर्मामीटर पाहून सोडवणार का?

पातं काय करतं हे जगाला पुरतं ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी १९९४ साली मॉन्ट्रियलच्या विश्वचषक शर्यतीत पडला, दुसऱ्याचं पातं त्याच्या मांडीत घुसलं, चार लिटर रक्त गेलं आणि १११ टाके पडले. तो वाचला आणि २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला सुवर्णपदक जिंकला. अॅडम जॉन्सन हा आइस हॉकी खेळाडू वाचला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेफील्डच्या रिंकवर सामन्यात त्याच्या गळ्याला पातं लागलं आणि तो गेला. त्यानंतर कुठे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानं गळ्याचं संरक्षक कवच सगळ्याच गटांत सक्तीचं केलं. नियम रक्त सांडल्यावरच करायचे का? आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं शॉर्ट ट्रॅकसाठी हेल्मेट, गळपट्टा, नडगीचं कवच, न कापला जाणारा पोशाख आणि कापण्याला दाद न देणारे हातमोजे हे सगळं आधीच एका रांगेत बसवलं आहे. त्या यादीत हातमोज्याच्या शेजारी हेल्मेट आहे, मफलर नाही. आपण मात्र हेल्मेट खेळाच्या सामानात धरतो आणि हातमोजा प्रवासाच्या कपड्यांत टाकतो.

मुरलेल्या स्केटरचा डावा हातमोजा एकदा हातात घेऊन पाहावा. कापड पातळ, अंगाला घट्ट बसणारं, वीण इतकी दाट की उजेडासमोर धरलं तरी छिद्र दिसू नये. मनगटावरची पट्टी लांब, बाहीच्या आत सरकणारी, म्हणजे हात लांबवला तरी मनगटाची कातडी उघडी पडत नाही. आणि बोटांच्या टोकांवर इपॉक्सीचे कडक, गुळगुळीत, घासून घासून एका बाजूनं सपाट झालेले थेंब. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेनं फिरते, म्हणून डावाच हात टेकतो, म्हणून हे थेंब डाव्यालाच. ती टोकं बर्फावरून सरकावीत, अडकू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. उजव्या हातमोज्याला हे थेंब नसतात. एकाच जोडीतले दोन हातमोजे दोन वेगळ्या कामांचे आहेत आणि आपण दुकानात "एक जोडी द्या" म्हणून मोकळे होतो.

आता ती लोकर. लोकरीच्या विणीत जागोजागी फासे असतात. बर्फावर पडलेल्या पोराचा हात पृष्ठभागावर घासतो, वितळलेलं पाणी लोकर पिऊन घेते, मोजा जड होतो, ताणतो आणि बोटांच्या टोकांपुढे लोंबू लागतो. ओली लोकरही थोडी ऊब धरते, एवढं मी मान्य करते. पण त्या उबेचं काय करायचं, जेव्हा पात्याच्या धारेपुढे ती वीण दोऱ्यासारखी सुटते? शिवाय जाड मोज्यात बोटं वळत नाहीत. स्केटची लेस सैल झाली की मोजा काढावा लागतो, ओला मोजा पुन्हा चढत नाही, आणि लेकरू मोज्याविनाच परत बर्फावर जातं. ज्यांनी ऊब मिळावी म्हणून जाड लोकर घेतली त्यांच्या लेकराचा हात शेवटी उघडाच राहिला.

याला उत्तर म्हणून दुसरं टोक पुढे येतं. "रोलरचे हातमोजे हायेत ना त्याच्याकडे, तेच घालू द्या." हे म्हणणाऱ्यांनी रोलरचा हातमोजा नीट पाहिलेलाच नाही. तो बहुतेकदा अर्ध्या बोटांचा असतो. तळव्याकडे आणि मनगटापाशी कडक प्लास्टिकची पट्टी असते. सिमेंटच्या रिंकवर किंवा डांबरी रस्त्यावर पडल्यावर तळव्याची सालटी निघू नये आणि मनगट मागे मुडपू नये, यासाठी तो बनला आहे आणि तिथे तो उत्तम आहे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, सगळं वजन तळव्यावर येतं आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. लहान मुलांत हे नेहमीचं आहे. नवशिक्याला बर्फावरही मनगटाचं कवच घालायला मी कधी ना म्हणणार नाही. पण रोलरच्या चाकाखाली बोट आलं तर ते चेंगरतं, पात्याखाली आलं तर कापलं जातं. अर्ध्या बोटांचा हातमोजा नेमकी तीच बोटं उघडी टाकतो. चाकांचं उत्तर पात्याच्या प्रश्नाला कसं लागू पडेल?

हा गैरसमज आपल्याकडे अधिक घातक आहे, कारण आपल्या देशात बर्फावर उतरणारी बहुतेक मुलं आधी चाकांवरच घडतात. महाराष्ट्रात नैसर्गिक बर्फ नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधला रिंक करमणुकीचा होता, आणि ते उद्यानही आता बंद आहे. सरावाला देहरादूनला जावं लागतं, जिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी हिमाद्री रिंक बांधला गेला, मग वर्षानुवर्षं बंद राहिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. नाहीतर लेह, साडेतीन हजार मीटर उंचीवर, उघड्या आभाळाखाली, जिथे २०२४ आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचं स्केटिंग झालं आणि महाराष्ट्राच्या मुलांनी पदकंही आणली. म्हणजे वऱ्हाडातलं पोर बर्फावर उतरतं ते घरापासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, वर्षातले मोजके दिवस, चाकांची सवय पायात घेऊन. पडण्याची शक्यता त्याचीच सगळ्यात जास्त. चूक सुधारायला दुसरा दिवस मिळेलच असंही नाही. ज्याला सगळ्यात चांगला हातमोजा हवा, त्याच्याच पिशवीत आपण सगळ्यात वाईट टाकतो.

मग जुने लोक मधे पडतात. "आमच्या जमान्यात कोन घालत होतं? हात टणक होऊ द्या. या मोज्यायनं पोट्टे नाजूक होतेत." अमरावतीत हा मुद्दा मांडणाऱ्याच्या पाठीशी मोठी परंपरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देणं भाग आहे. १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच शहरातलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला इथलं पथक गेलं होतं. मल्लखांबावर आजही उघडाच हात चढतो, आणि तसाच चढला पाहिजे. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, पकड कातडीच्या अंदाजावर चालते, हातमोजा घातला तर तो अंदाजच मरेल आणि पोर खाली येईल. तिथे हातमोजा न घालणं हीच सुरक्षितता आहे. पण त्या वस्तादांनी उघडा हात निवडला तो मर्दुमकीसाठी नव्हे. खांबावर हाताचं काम काय, हे ओळखून निवडला. त्यांची परंपरा खरोखर पाळायची असेल तर बर्फावर हाताचं काम काय, हे विचारायला हवं. बर्फावर हात काही पकडत नाही. तो टेकतो, घासतो, पडतो आणि पात्यांच्या वाटेत येतो. घट्टे पडलेली कातडी पोलादाच्या धारेला अडवते असं कोणत्या आखाड्यात शिकवतात?

आणि पोरं नाजूक होतात म्हणणाऱ्यांनी एकदा बर्फाच्या कडेला उभं राहून पाहावं. उघड्या हाताचं पोर पडायला घाबरतं. घाबरलेलं पोर गुडघे वाकवत नाही, ताठ उभं राहतं, कठड्याला चिकटून सरकतं, आणि ताठ पोरच जोरात पडतं. हातावर भरवसा असलेलं पोर वाकतं, झुकतं, हात टेकवतं. धीट व्हायला त्याला चांगला हातमोजाच मदत करतो.

खर्चाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा वाटतो आणि खरा नसतो. "श्रीमंतायचे खेळ हायेत हे, एवढे महागाचे मोजे कायले पाह्यजे?" बर्फाचे स्केट महाग आहेत, रेल्वेचं भाडं आहे, राहण्याचा खर्च आहे, हे सगळं कबूल. पण कापण्याला दाद न देणारा हातमोजा घ्यायला परदेशी खेळाच्या दुकानात जावं लागतं, हे कुणी सांगितलं? तो औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. पत्र्याचं काम करणारे, काच उचलणारे कामगार तो रोज घालतात.

नांदगाव पेठेच्या माणसानं तर हे विचारूच नये. आमच्याकडे औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही झाली. तयार कपड्यांच्या कारखान्यातलं कटिंग टेबल ज्यानं पाहिलं आहे त्याला हा लेख वाचायची गरज नाही. टेबलावर कापडाचे थर रचलेले असतात. उभ्या पात्याचं यंत्र त्यातून फिरतं. उजव्या हातात यंत्राची मूठ, आणि कापड दाबून धरणाऱ्या डाव्या हातात बारीक पोलादी कड्यांच्या जाळीचा हातमोजा. कटिंग मास्तरला तिथे थंडी वाजते म्हणून तो घातलेला नसतो. पात्याजवळ डावा हात जातो, म्हणून डाव्याला जाळी. स्केटरच्या डाव्या हातमोज्यामागेही हाच विचार आहे. त्याच मास्तरला लेथवर उभं केलं तर हातमोजा काढायला सांगतील, कारण फिरत्या भागात कापड अडकलं तर हातच ओढला जातो. कामगाराला हे कळतं, सुपरवायझरला कळतं. संध्याकाळी घरी आल्यावर लेकरासाठी हातमोजा घेताना मात्र सगळे लोकरीच्या ढिगापाशी कसे जातात?

चुकीचा हातमोजा नसल्यापेक्षा वाईट असू शकतो, हेही आपल्या मुलखाला शिकवायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कीटकनाशकांचे १९७१ चे नियम सांगतात की हातमोजा रबराचा किंवा द्रव आत न जाऊ देणारा हवा आणि तो मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताच्या निम्म्यापर्यंत आला पाहिजे. कापडी हातमोजा घातला तर औषध कापडात मुरतं आणि तासन्‌तास कातडीला लागून राहतं. तरी "हातमोजे घातले होते की नाही" एवढंच विचारलं जातं. कोणते, हे कोण विचारतं? त्या मरणांची आणि खेळातल्या जखमेची मी बरोबरी करत नाही. पण 'कोन्तेबी चालते' हे शब्द दोन्हीकडे सारखेच ऐकू येतात, आणि दोन्हीकडे ते निष्काळजीपणाचेच शब्द आहेत.

हातमोजा घेताना पाहायचं काय, तेही सांगते, म्हणजे "नुसती टीका करता" असं म्हणायला जागा राहणार नाही. सुरक्षेच्या हातमोज्यावर हातोड्याचं छोटं चित्र छापलेलं असतं. ते ईएन ३८८ या युरोपीय मानकाचं. त्याखालचे चार अंक क्रमानं घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं यांना हातमोजा किती टिकतो ते सांगतात. त्यापुढचं अक्षर आपल्या कामाचं. 'ए' ते 'एफ' अशी ती चढण आहे: सरळ पात्यानं कापायला 'ए'ला २ न्यूटन जोर पुरतो, 'सी'ला १० लागतात, 'एफ'ला ३०. त्या अक्षराच्या जागी 'एक्स' असेल तर ती चाचणी झालेलीच नाही, असा हातमोजा परत ठेवावा. 'सी'च्या खाली मी तरी लेकरासाठी घेणार नाही. मापासाठी अंगठा सोडून तळव्याचा घेर गाठींपाशी मोजावा. वाढत्या वयाचं म्हणून मोठा घेऊ नये. मोठ्या हातमोज्याची रिकामी टोकं दुमडतात आणि पात्याखाली पहिली तीच जातात. घट्टही नको, रक्त अडलं की बोटं बधिर होतात. लेहसारख्या उघड्या जागी ऊब हवीच, तर आतून पातळ अस्तराचा हातमोजा घालावा आणि वरून हा. थंडीचा प्रश्न आतला हातमोजा सोडवतो, पात्याचा बाहेरचा. दोन्ही कामं एका लोकरीवर टाकू नयेत. आणि स्केट पुसताना, पात्याला दगड लावतानाही तो हातात असू द्यावा. बर्फाबाहेर, बाकावर बसून निवांत पातं पुसतानाही बोट कापतं.

यावर शेवटचा बाण येतो: "अशा हातमोज्यानंही बोट कापतंच, मग उपयोग काय?" कापू शकतं, हे खरं आहे. तीस किलोचं पोर पूर्ण वजनानं बोटावरून गेलं तर कोणत्याही कापडाला मर्यादा आहेत. म्हणूनच जाणता प्रशिक्षक पहिल्याच दिवशी पडल्यावर मूठ वळायला शिकवतो: पडलास की आधी बोटं आत, मग उठायचं, उठतानाही तळवे पसरून बर्फावर ठेवायचे नाहीत. पण ओझरतं लागणारं पातं, घसरत येणाऱ्याची टाच, वळणावर पुढच्याच्या स्केटचं मागचं टोक, यांच्यासाठी हातमोजा आहे आणि तिथे तो टाके आणि ओरखडा यांतला फरक करतो. हेल्मेट घालूनही डोकं फुटू शकतं, म्हणून कुणी हेल्मेट काढून ठेवतं का? मूठ वळायची सवय आणि चांगला हातमोजा, दोन्ही हवेत. एकाच्या नावानं दुसरं टाळायचं हा वाद मला ऐकायचाही नाही.

म्हणून मागणी अगदी रोखठोक आहे. मुलांना बर्फावर नेणाऱ्या प्रत्येक क्लबनं आणि प्रत्येक पथक-व्यवस्थापकानं सामानाच्या यादीत "हातमोजे" एवढंच लिहिणं बंद करावं. "पूर्ण बोटांचे, कापण्याला दाद न देणारे, मनगट झाकणारे, मापाचे हातमोजे, दोन जोड्या" असं लिहावं, कारण एक जोडी ओली होते. गाडी सुटायच्या आधी, घरून निघण्यापूर्वी आठवडाभर, प्रत्येक पोराचा हात हातमोज्यासकट तपासावा. रिंकच्या दारात हेल्मेटचा पट्टा ओढून पाहतात, तसाच हातमोजाही ओढून पाहावा. लोकरीचा घालून आलेल्या पोराला बाजूला बसवावं आणि त्याच्या बापाला, मग तो कितीही मोठा असो, तिथूनच फोन लावावा.